रायझन २२००जी च्या जागी काय बसवावं? ५६००, ५८००एक्स३डी की नवीन मशीनच?

तुमचं मशीन असं आहे: रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, आरएक्स ५८० चं ८ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड आणि ७५ हर्ट्‌झचा फुल एचडी मॉनिटर. स्क्रीनच्या कोपऱ्यात ५५-६० एफपीएस (सेकंदाला तेवढ्या फ्रेम) दिसतात, पण ओपन वर्ल्ड गेममध्ये गाडी जोरात पळवली की चित्र अडखळतं. तुम्ही विचारलंय की ५६०० घ्यावा, ५८००एक्स३डी घ्यावा की अख्खं मशीन बदलावं. शिवाय धाकट्या भावाच्या आय५-७४०० चं काय करायचं, हेही विचारलंय.

उत्तर आधीच सांगून टाकतो. मशीन बदलू नका, रायझन ५ ५६०० घ्या. पण त्याच्याही आधी रॅमची ८-८ जीबीची जोडी घ्या. बजेट एका वेळी एकाच गोष्टीचं असेल तर या महिन्यात रॅम आणि प्रोसेसर नंतर. हा क्रम उलटा करणारे बरेच भेटतात. नवीन प्रोसेसर बसवूनही तोच झटका लागला की ते म्हणतात, "काही फरकच पडला नाही."

आता कारणं. सगळ्यात आधी, दोष खरंच प्रोसेसरचा आहे का हे घरच्या घरी तपासता येतं. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर लावा. स्क्रीनवर कार्डचा वापर, प्रत्येक थ्रेडचा (प्रोसेसर एका वेळी चालवतो त्या कामाच्या एका रांगेचा) वेगवेगळा वापर, रॅम, व्हिडिओ मेमरी, तापमान आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा आलेख एवढं दिसू द्या. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा दोन्ही बंद करा, नाहीतर कार्ड मुद्दाम आराम करतंय आणि आपण प्रोसेसरला शिव्या घालतोय असा प्रकार होतो. मग गेममधला एकच रस्ता, एकाच वेळेला, दोनदा चालवा. एकदा नेहमीच्या सेटिंगवर आणि एकदा रेझोल्यूशन ७२० पी करून. रेझोल्यूशन कमी केल्यावर कार्डचं ओझं उतरतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. म्हणून ७२० पी वर एफपीएस भरपूर वाढले तर अडथळा कार्डचा होता. आकडा जागचा हलला नाही तर कार्डला काम पुरवणारा मागे पडतोय.

तुम्ही लिहिलंय की कार्डचा वापर ५५ ते ७० टक्क्यांत फिरतो आणि चारही थ्रेड शंभरला टेकलेले असतात. एवढ्यावरून प्रोसेसरवर आरोप ठेवायला हरकत नाही. २२००जी मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत. आजचे मोठे गेम सहा-आठ थ्रेड गृहीत धरून लिहिलेले असतात. अशा वेळी मागे ब्राउझर किंवा व्हॉइस चॅट उघडं असेल तर तेही त्याच चार थ्रेडमध्ये वाटा मागतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कारण सहा-आठ कोअरवाले इथे हमखास फसतात: टास्क मॅनेजरमध्ये एकूण वापर ४० टक्के दिसला म्हणजे प्रोसेसर मोकळा आहे असं नाही. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच शंभरवर असेल आणि बाकीचे त्याची वाट बघत बसले असतील, तर सरासरी कमीच दिसणार.

आणि ते ५५-६० एफपीएस. हा सरासरी आकडा जुन्या मशीनबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. समजा एका सेकंदात ५७ फ्रेम अगदी वेळेवर आल्या आणि एकच फ्रेम ५० मिलिसेकंद लटकली. कोपऱ्यात ५८ एफपीएस दिसणार, म्हणजे कागदावर सगळं आलबेल. डोळ्याला मात्र नेमकी ती एक फ्रेम टोचते. म्हणून फ्रेमटाइमचा आलेख बघा. सरळ रेघ असेल तर ४५ एफपीएसवरही गेम सुखाने खेळता येतो. आणि मध्येच सुळके उठत असतील तर ८० एफपीएसवरही जीव नकोसा होतो. प्रोसेसर बदलल्यावर खरा फायदा दिसतो तो हे सुळके कमी होण्यात. आकड्यांच्या भाषेत एक टक्का लो, म्हणजे सगळ्यात धीम्या एक टक्का फ्रेमचा एफपीएस, वाढतो. सरासरी किती वाढेल ते तुमच्या कार्डावर अवलंबून आहे.

पण तुमच्या बाबतीत सगळे सुळके प्रोसेसरचेच असतील असं मला वाटत नाही, कारण रॅम. ८ जीबीची एकच स्टिक हे तुमच्या मशीनचं सगळ्यात मोठं दुखणं आहे, आणि ते दोन प्रकारे दुखतं. पहिलं, जागा. विंडोज आणि एक मोठा गेम मिळून ८ जीबी सहज ओलांडतात. मग विंडोज उरलेला डेटा डिस्कवर ढकलते आणि लागला की परत आणते. गाडी पळवताना नवा परिसर लोड होतो, आणि नेमका तिथेच झटका बसतो. डिस्क जर फिरणारी हार्ड डिस्क असेल तर विचारूच नका. गेम एसएसडीवर हलवा, बाकी चर्चा नंतर. दुसरं, रुंदी. एक स्टिक म्हणजे एकच चॅनल, ६४ बिटांचा. डीडीआर४-२४०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी डेटा देते. डीडीआर४-३२०० च्या दोन स्टिक दोन चॅनलमध्ये बसवल्या तर हाच आकडा ५१.२ होतो. म्हणून ३२०० ची ८-८ जीबीची जोडी घ्या. जुनी स्टिक ठेवून वेगळ्याच कंपनीची दुसरी लावली तर बहुतेकदा चालतं, पण दोन्ही स्टिक धीम्या स्टिकच्या वेगाने चालतात आणि कधीकधी एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) स्थिरच राहत नाही. चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू करा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. हे न केल्यास ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि मालकाला पत्ताही नसतो. मी उघडलेल्या जुन्या मशीनपैकी निम्म्यांत तरी हेच सापडलं असेल.

२२००जी वाल्यांसाठी आणखी एक फुकटची गोष्ट आहे. या चिपमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, आणि वेगळं कार्ड लावलं तरी बायोस त्या ग्राफिक्ससाठी मुख्य रॅममधला तुकडा राखून ठेवू शकतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' असा आकडा दिसतो. तिथे १ किंवा २ जीबी दिसत असेल तर ८ मधले तेवढे तुम्ही वापरतच नाही आहात. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर नावाची सेटिंग शोधा आणि ती सगळ्यात कमी करा किंवा आतलं ग्राफिक्स बंद करा.

बायोसचा विषय निघालाच आहे तर हेही. रायझन आणि विंडोजच्या जोडीत एफटीपीएममुळे (सुरक्षेच्या चाव्या जपणाऱ्या सोयीमुळे) अधूनमधून सगळं मशीनच क्षणभर गोठतं, आवाजासकट. एएमडीने ही तक्रार मार्च २०२२ मध्ये मान्य केली आणि त्यावरचा उपाय त्यानंतरच्या बायोस अपडेटमधून आला. तुमचं बायोस २०२० चं असेल आणि एफटीपीएम चालू असेल, तर तुमचे काही झटके नुसत्या अपडेटने जाऊ शकतात. प्रोसेसरसाठी अपडेट करावंच लागणार आहे, म्हणून ते आत्ताच उरकून घ्या आणि पुन्हा मोजा.

आता ५६०० कडे येऊ. सहा कोअर, बारा थ्रेड आणि ४.४ गिगाहर्ट्‌झपर्यंतचा बूस्ट हे सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी. २२००जी मध्ये तो ४ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी. गेमचं काम म्हणजे हजारो छोट्या वस्तूंची सतत विचारपूस: ही गाडी कुठे आहे, तो माणूस कुठे चाललाय, ही भिंत दिसते का. माहिती कॅशमध्ये सापडली तर साधारण १० नॅनोसेकंदांत मिळते, रॅमपर्यंत जावं लागलं तर त्याच्या कितीतरी पट वेळ जातो आणि तोवर कोअर रिकामा बसतो. २२००जी हा मुळात आतल्या ग्राफिक्ससाठी जागा करून कॅश कापलेला प्रोसेसर आहे. म्हणून कार्ड लावल्यावर तो चार कोअरच्या मानानेही लंगडतो. शिवाय झेन ३ मध्ये, म्हणजे ५६०० च्या पिढीत, सहाही कोअर ३२ एमबीचा तो साठा एकत्र वापरतात. त्याआधीच्या ३६०० मध्येही ३२ एमबीच होते, पण १६-१६ च्या दोन वेगळ्या खोल्यांत.

खरेदीच्या वेळी नावांच्या गोंधळात पडू नका. ५५००, ५६००जी, ५६०० हे तिन्ही सहा कोअर-बारा थ्रेडवाले आहेत आणि ऐकायला भावंडं वाटतात. पण ५५०० आणि ५६००जी मध्ये एल३ कॅश १६ एमबीच आहे, कारण त्यांची चिप वेगळ्या घराण्यातली. 'जी वाला मोठा असेल, त्यात ग्राफिक्सही मिळतंय' या हिशोबाने वेगळं कार्ड असलेल्या मशीनसाठी ५६००जी घेणं म्हणजे २२००जी ची चूक पुन्हा करणं. ५५०० च्या बाबतीत मी थोडा मवाळ आहे. त्याला पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला डेटाचा रस्ता) ३.० च आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण तुमचं बी४५० कार्डला ३.० च देतं, त्यामुळे तो मुद्दा तुमच्यासाठी गैरलागू. ५६०० परवडत नसेल आणि ५५०० बराच स्वस्त असेल तर घ्या. वापरलेला ३६०० चांगल्या अवस्थेत आणि खरंच स्वस्त मिळाला तर तोही चालेल.

५८००एक्स३डी? सुंदर प्रोसेसर, यात वाद नाही. एएम४ वर, म्हणजे तुमच्या बोर्डाच्या सॉकेटवर, गेमिंगसाठी त्याच्या तोडीचं काही नाही, ९६ एमबी एल३ कॅश आहे. पण आरएक्स ५८० सोबत फुल एचडी आणि ७५ हर्ट्‌झवर तो बसवणं म्हणजे पैसे चुकीच्या खिशात घालणं. ५६०० बसवताच तुमचा अडथळा कार्डकडे सरकणार आहे, तिथून पुढची ताकद रिकामीच बसेल. शिवाय तो १०५ वॉटचा, प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत ओढायची मुभा असलेला. प्रोसेसरच्या डाव्या-वरच्या बाजूला ज्यांच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) साधी धातूची पट्टीही नाही, असे स्वस्तातले बी४५० आणि ए३२० बोर्ड अशा चिपखाली तापतात, आणि कूलरही वेगळा लागतो. ५६०० हा २२००जी सारखाच ६५ वॉटच्या वर्गातला. तुमचा पॉवर सप्लाय आज कार्ड सांभाळतोय तर उद्याही सांभाळेल.

विंडोजचा एक हिशोबही त्याच्या बाजूने आहे. विंडोज १० चं नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि २२००जी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. ५६०० आहे.

आता बसवण्याचं काम. बायोस जुना प्रोसेसर लावलेला असतानाच अपडेट करायचं, हा नियम विसरू नका. बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव आणि रिव्हिजन बघा, कंपनीच्या सपोर्ट पानावर प्रोसेसरची यादी उघडा, आणि ५६०० समोर कमीत कमी कोणतं बायोस लिहिलंय ते पाहा. आवृत्तीखालच्या बारीक टिपा वाचा. काही बोर्डांना थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एक टाकावी लागते. काही नव्या आवृत्त्या अगदी जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढून टाकतात, म्हणजे परतीची वाट बंद. फाइल एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवून बायोसच्याच आतल्या साधनाने टाका, विंडोजमधून नको. त्या पाच मिनिटांत वीज जाणार नाही याची काळजी घ्या. अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळ जागी जातात, एक्सएमपी पुन्हा चालू करायला विसरू नका.

प्रोसेसर काढण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा. ही पायरी लोक गाळतात आणि रडतात. एफटीपीएमची चावी प्रोसेसरशी बांधलेली असते. नवा प्रोसेसर लावल्यावर पहिल्याच स्क्रीनवर बोर्ड विचारतो की नवीन प्रोसेसर सापडला, एफटीपीएम रीसेट करू का. वाय दाबलं आणि डिस्क एन्क्रिप्टेड असेल, तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल तर ठीक, नसेल तर डेटाला रामराम. म्हणून आधी की लिहून ठेवा, मग बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

एएम४ वर पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिना. जुनी थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी झालेली असते. कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटची दांडी बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो. माझ्या हातात पहिल्यांदा असा लोंबकळणारा प्रोसेसर आला तेव्हा दोन मिनिटं मी नुसता बघत उभा होतो. नशिबाने दोनच पिना वाकल्या होत्या, त्या ०.५ च्या मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकाने सरळ केल्या. तुम्ही हे टाळू शकता: बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा. मग मशीन बंद करा, वीज काढा, कूलर मोकळा करून उचलण्याआधी डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिरगाळा. तो सैल फिरला की वर घ्या.

एएमडीचा छोटा कूलर चार स्क्रूंनी थेट मागच्या पट्टीवर बसतो. स्क्रू सुटले की ती पट्टी बोर्डामागे धपकन पडते. मशीन आडवं ठेवा आणि मागची बाजू उघडून पट्टी हाताने धरा, नाहीतर अर्धा तास स्क्रूची भोकं शोधण्यात जातो. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे, दाबायचं नाही. वाटाण्याएवढी पेस्ट मधोमध, आणि स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे-थोडे आवळा. डब्यातल्या ५६०० सोबत कूलर येतो आणि तो पुरतो. सुटा प्रोसेसर घेतलात तर जुनाच कूलर धूळ झटकून वापरा, आवाज थोडा जास्त येईल इतकंच.

मॉनिटरची केबल कार्डलाच आहे ना, हे पुन्हा बघा. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, बोर्डाच्या पोर्टमधून काहीही दिसणार नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. लगेच बटण दाबून बंद करू नका. विंडोज नव्याने टाकायची गरज सहसा पडत नाही, एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर तेवढा नवा टाका. गेम खेळताना तापमान ७० ते ८० अंशांत असेल तर चिंता नको, या चिपची मर्यादा ९० आहे.

भावाच्या आय५-७४०० ला मात्र मी प्रोसेसर घेऊ नका असंच सांगेन. त्या बोर्डावर सगळ्यात वरचा चालणारा म्हणजे सातव्या पिढीचा आय७, चार कोअर-आठ थ्रेड. तो आता वापरलेलाच मिळतो आणि त्याच्या ताकदीच्या मानाने महाग असतो. आठव्या पिढीच्या प्रोसेसरवर सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, म्हणून कुणी तो खपवायला आला तर ऐकू नका. बसेल, पण चालू होणार नाही, कारण त्याला ३०० सिरीजचा बोर्ड लागतो. सातवी पिढी विंडोज ११ च्या यादीतही नाही, अगदी मोजके अपवाद सोडले तर. तिथे रॅम डीडीआर४ आहे का ते आधी बघा. असेल तर एलजीए १७०० सॉकेटचा डीडीआर४ बोर्ड आणि आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ घ्या, जुनी रॅम आणि कार्ड तिकडे हलवा. तो आय३ नावाला आय३ आहे, चार कोअर असूनही ७४०० ला कुठल्याच गेममध्ये जवळ येऊ देणार नाही.

सगळं झाल्यावर तोच रस्ता, तीच गाडी, तीच सेटिंग घेऊन पुन्हा मोजा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर गेलेलं दिसेल. मग रिव्हाट्यूनरमधून एफपीएसला कार्ड सहज पेलेल एवढी मर्यादा घाला, आलेख आणखी सपाट होतो. पुढेमागे कार्ड बदलाल तेव्हा आरएक्स ६५०० एक्सटी सारखी फक्त चार लेनची (डेटाच्या चारच वाटांची) कार्डं टाळा. तुमच्या बोर्डाच्या ३.० स्लॉटवर त्यांचा रस्ता निम्माच उरतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की तोच झटका परत सुरू. आठ लेनचं ८ जीबीवालं आरएक्स ६६०० तिथे व्यवस्थित चालतं.